घरच्या बिअरच्या बाटलीतील गाळाविषयी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परदेशस्थ मराठी कुटुंबांच्या छंदांवर आपल्या रविवार पुरवणीत जी लेखमाला सुरू आहे, तिच्यातील घरी बिअर तयार करण्याविषयीचा लेख मी लक्षपूर्वक वाचला. माल्ट (मोड आणून वाळवलेले सातू) भिजवण्यापासून बाटल्या भरण्यापर्यंतची सगळी कृती लेखात सोप्या शब्दांत आली आहे आणि मराठीत या विषयावर इतके व्यवस्थित लिहिलेले क्वचितच वाचायला मिळते. मात्र लेखाच्या अखेरच्या परिच्छेदात वाचकांना जो सल्ला दिला आहे, तो चुकीचा आहे आणि नवख्या माणसाने तो पाळला तर त्याची चांगली बिअर फुकट जाईल. बाटलीच्या तळाशी पांढुरका गाळ दिसला तर बिअर बिघडू लागली असे समजावे, ती मलमलीच्या फडक्यातून गाळून पुन्हा बाटल्यांत भरावी, आणि पुढच्या वेळी गाळ पडू नये म्हणून यीस्ट निम्मेच घालावे, असे तेथे म्हटले आहे. ही तिन्ही विधाने दुरुस्त व्हावीत म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी गेली अनेक वर्षे इंग्लंडमध्ये डर्बी येथे राहतो. येथून जवळच बर्टन-अपॉन-ट्रेंट हे बिअरच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. या भागात घरोघरी बिअर करणारी माणसे भेटतात आणि तळाशी बसलेला साका हा त्यांच्या बोलण्यातला नेहमीचा विषय असतो. तो कमी कसा करावा, लवकर कसा बसवावा, ओतताना पेल्यात कसा येऊ देऊ नये, यावर ते तासन्‌तास बोलतील. परंतु गाळ दिसला म्हणून बिअर मोरीत ओतून दिली, असे त्यांच्यापैकी कोणाकडून मी ऐकलेले नाही.

हा गाळ येतो कोठून, हे आधी पाहू. कारखान्यातील बहुतेक बिअर गाळून स्वच्छ केलेली असते आणि तिच्यात कार्बन डायऑक्साइड वायू दाबाने भरलेला असतो. घरी ती सोय सहसा नसते. म्हणून किण्वन पूर्ण झालेल्या बिअरमध्ये बाटल्या भरताना थोडी साखर मिसळतात आणि झाकण घट्ट बसवतात. बिअरमध्ये तरंगत राहिलेले यीस्ट ती साखर खाते, थोडे अल्कोहोल आणि थोडा वायू तयार करते, आणि झाकण बंद असल्याने तो वायू बिअरमध्येच विरघळतो. साखर संपली की यीस्टला काम उरत नाही. पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि ते हळूहळू तळाशी जाऊन बसतात. म्हणजे ज्या यीस्टमुळे बाटली उघडताना फस्स असा आवाज येतो आणि पेल्यावर फेस उभा राहतो, तेच यीस्ट काम आटोपून तळाशी बसलेले असते. त्यात काही प्रथिने आणि हॉप्सचे, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचे, सूक्ष्म कण मिसळलेले असतात, पण मुख्य भाग यीस्टचाच. ज्या बाटलीत अशा रीतीने नैसर्गिक वायू तयार झाला आहे, त्या बाटलीत थोडा तरी साका असणारच. अर्धा ते दोन मिलिमीटर जाडीचा, पिठूळ रंगाचा, तळाला सपाट चिकटून बसलेला थर दिसला, तर बाटलीत जे घडायला हवे होते ते घडले आहे, असे खुशाल समजावे.

आता मलमलीच्या फडक्याविषयी. यीस्टची एक पेशी साधारण पाच ते दहा मायक्रॉन आकाराची असते, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये शंभर ते दोनशे पेशी ओळीने मावतील. मलमल कितीही तलम असली तरी तिच्या धाग्यांमधली भोके याच्या कितीतरी पट मोठी असतात. त्यामुळे गाळताना यीस्ट जवळजवळ सगळेच फडक्याच्या खाली उतरते. तळाशी शांत बसलेला साका उलट सगळ्या बिअरमध्ये ढवळला जातो आणि बिअर आधी होती त्यापेक्षा गढूळ दिसू लागते. दोन आठवडे थांबून बाटलीत जमवलेला वायू भांड्यात ओततानाच निघून जातो. याहून मोठे नुकसान हवेतील ऑक्सिजनमुळे होते. किण्वन संपल्यानंतर बिअरचा हवेशी जितका कमी संबंध येईल तितके बरे. ती धारेने ओतली, फडक्यातून ठिबकू दिली, की थोड्याच दिवसांत तिला जुन्या कागदाचा, ओल्या पुठ्ठ्याचा वास लागतो आणि तो कोणत्याही उपायाने जात नाही. बाटल्या एकदा भरून झाकणे लावल्यावर त्या पुन्हा रिकाम्या करून गाळणे, हा उपाय म्हणून कधीच सुचवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यीस्ट निम्मे घालण्याचा सल्ला वरवर पाहता तर्काला धरून वाटतो. कमी घातले तर कमी साचेल, असा त्यामागचा विचार असावा. पण यीस्ट हा सजीव आहे. वर्टमध्ये, म्हणजे माल्टपासून केलेल्या गोड द्रावात, पडल्यावर ते वाढते, आणि वर्टमधील पोषक द्रव्ये व प्राणवायू पुरेल तोवर वाढत राहते. सुरुवातीला कमी घातले तर त्याला अधिक वेळा दुप्पट व्हावे लागते एवढेच. शेवटी साचणारे प्रमाण जवळपास तेवढेच राहते. मधल्या काळात मात्र किण्वन रेंगाळते, नको ते वास तयार होतात, आणि बाहेरच्या जंतूंना शिरकाव करायला सवड मिळते. कधी कधी किण्वन अर्ध्यावरच थांबते आणि साखर शिल्लक राहते. अशी बिअर बाटलीत भरली तर काय होते, ते पुढे लिहितो, कारण लेखात ज्याविषयी सावध करायला हवे होते ती गोष्ट तीच आहे.

साका कमी करायचा असेल तर त्याची खरी वेळ बाटली भरण्याआधीची आहे. किण्वन संपले की भांड्यातील बिअर घाईने बाटलीत भरू नये. भांडे आणखी काही दिवस हलवाहलव न करता ठेवले, की वर तरंगणारे बरेचसे यीस्ट आपोआप खाली बसते. भांडे शीतकपाटात मावत असेल तर शून्य ते चार अंश तापमानात दोन-तीन दिवस ठेवावे. थंडीत यीस्ट झपाट्याने खाली बसते. येथील लोक हिवाळ्यात भांडे सरळ गॅरेजमध्ये नेऊन ठेवतात आणि बाहेरची थंडी फुकट वापरतात. नंतर बिअर दुसऱ्या भांड्यात काढताना सायफनच्या नळीचे टोक तळाच्या गाळापासून चांगले वर धरावे आणि शेवटच्या पेलाभर बिअरचा लोभ सोडावा. तो पेला वाचवण्याच्या नादात भांड्यातला अर्धा गाळ बाटल्यांत जातो. हॉप्स न उकळता कोरडेच बिअरमध्ये घातले असतील तर त्यांच्या पाकळ्या व चुरा नळीत येऊ नये म्हणून नळीच्या टोकाला बारीक जाळीची, उकळून घेतलेली पिशवी बांधावी. फडक्याला या कामात काही जागा असेल तर ती येथे आहे. हॉप्सचे कण बाटलीत राहिले तर त्यांच्याभोवती वायूचे बुडबुडे एकाएकी तयार होतात आणि झाकण काढताच बिअर उसळून बाहेर येते. म्हणून यीस्टपेक्षा हॉप्सचा चुरा अडवणे अधिक महत्त्वाचे.

याच टप्प्यावर साखरेचे प्रमाण येते. प्रत्येक बाटलीत चमच्याने साखर टाकण्याची पद्धत लेखात दिली आहे, ती मला पटत नाही. चमचा कधी भरून येतो, कधी सपाट येतो, आणि एका बाटलीत वायू जास्त तर दुसरीत कमी असे होते. त्याऐवजी सगळी साखर थोड्या पाण्यात उकळून, ते पाणी निवू द्यावे आणि दुसऱ्या भांड्याच्या तळाशी आधी घालून त्यावर बिअर सोडावी, म्हणजे ती न ढवळता सारखी मिसळते. साध्या एलसाठी, म्हणजे इंग्लंडमधील पारंपरिक प्रकारच्या बिअरसाठी, दर लिटरला सहा ग्रॅमच्या आसपास साखर पुरते; वीस लिटरला एकशे वीस ग्रॅम. एवढ्या साखरेतून दर लिटरमागे सुमारे तीन ग्रॅम वायू तयार होतो, आणि वीस अंशांना आंबवलेल्या बिअरमध्ये दीड-पावणेदोन ग्रॅम वायू आधीच विरघळलेला असतो. दोन्ही मिळून फेस चांगला येतो आणि बाटलीवर अवाजवी ताणही पडत नाही. साखर वाढवली की साका फारसा वाढत नाही, पण दाब वाढतो. त्या दाबाने बाटली उघडताना जो जोराचा उसळा येतो तो तळाचा थर पार ढवळून टाकतो, आणि मग आपण यीस्टला दोष देत बसतो.

बिअर निवळवण्यासाठी काही पदार्थ घालण्याची पद्धतही जुनी आहे. तुरटीने किंवा निवळीच्या बीने माठातले गढूळ पाणी जसे खाली बसवतात, तसेच हे काम. विरुद्ध विद्युतभार असलेले कण एकमेकांना ओढून घेतात, त्यांचे मोठे पुंजके बनतात, आणि पुंजका जितका मोठा तितका तो लवकर बसतो. ब्रिटनमध्ये पिंपातल्या बिअरसाठी माशाच्या वायुपिशवीपासून केलेला आयझिंग्लास हा पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला. आपल्या पालघर आणि डहाणूच्या मच्छीमारांना हे सांगायला नको, कारण घोळ माशाचे भोत (वायुपिशवी) ज्या कारणांसाठी सोन्याच्या भावाने विकले जाते त्यांत बिअर व वाइन निवळवणे हे एक कारण आहे. घरी याऐवजी बऱ्याचदा जिलेटिन वापरतात. येथे मला आपल्या वाचकांपैकी शाकाहारी मंडळींना सावध करावेसे वाटते. आयझिंग्लास माशाचे आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्याचे असते. आयरिश मॉस हे समुद्री शेवाळ मात्र निर्धोक आहे. वर्ट उकळून होण्याच्या पंधरा मिनिटे आधी वीस लिटरला चमचाभर घातले तर प्रथिने गोठून खाली बसतात, आणि पुढे बाटलीतला गाळही त्या मानाने कमी होतो. हा विषय क्षुल्लक नाही. गिनीज या बिअर कंपनीने २०१५ मध्ये आयझिंग्लास वापरणे बंद करणार असल्याचे जाहीर केले, त्यामागे शाकाहारी ग्राहकांचा आग्रह हे मोठे कारण होते. निवळवणारे पदार्थ घातले तर बाटलीत वायू तयार करायला यीस्टच उरणार नाही, अशी शंका काहींना येते. ती निराधार आहे. डोळ्यांना अगदी स्वच्छ दिसणाऱ्या बिअरमध्येही दर मिलिलिटरला हजारो पेशी असतात आणि तेवढ्या पुरतात. फार तर वायू तयार व्हायला आठवडाभर अधिक लागतो.

कोणते यीस्ट निवडले यावरही बरेच अवलंबून असते. इंग्लिश एलसाठीची अनेक यीस्ट काम संपताच घट्ट गोळा होऊन बसतात आणि त्यांचा साका बाटली तिरपी केली तरी जागचा हलत नाही. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातील गव्हाच्या बिअरचे यीस्ट बराच काळ तरंगत राहते, आणि ती बिअर गढूळच दिसावी अशी पिणाऱ्याचीही अपेक्षा असते. पुण्यात २००९ पासून मायक्रोब्रुअरी (बिअरचे छोटे कारखाने) सुरू झाल्या, त्यामुळे ही गढूळ पिवळी बिअर आता महाराष्ट्रातील अनेकांच्या परिचयाची आहे. पेल्यात तीच गढूळता मान्य करायची आणि घरच्या बाटलीत दिसली की बिअर बिघडली म्हणायचे, हे सुसंगत नाही.

बाटल्या भरल्यानंतर त्या उभ्याच ठेवाव्यात. वाइनच्या बाटल्या आडव्या ठेवतात हे पाहून काहीजण बिअरच्याही आडव्या ठेवतात. मग साका बाटलीच्या कुशीला लांबट पट्ट्यासारखा चिकटतो आणि ओतताना तो टाळता येत नाही. अठरा ते बावीस अंशांत दोन आठवडे ठेवून वायू तयार होऊ द्यावा आणि मग पिण्याच्या किमान दोन-तीन दिवस आधी बाटल्या थंड कराव्यात. एका रात्रीत बाटली गार होते हे खरे, पण साका घट्ट बसायला त्याहून अधिक वेळ लागतो, आणि घरच्या बिअरबाबतच्या बहुतेक तक्रारी या घाईतून निर्माण होतात.

ओतण्याची पद्धत थोडी सविस्तर सांगतो, कारण लेखात तिचा उल्लेखच नाही. बाटली शीतकपाटातून काढताना उभीच काढावी, हलवू नये, आणि झाकण हळूच उघडावे. पेला तिरपा धरून त्याच्या कडेने बारीक धार सोडावी आणि बाटली एकदा तिरपी केली की मध्ये सरळ करू नये. बाटली पुन्हा उभी झाली की आतली बिअर मागे आदळते आणि तळाचा थर सुटतो. म्हणून अर्धा लिटरची बाटली असेल तर तेवढा पेला हाताशी असावा. दोघांत वाटायची असेल तर दोन पेले शेजारी ठेवून बाटली सरळ न करता एका पेल्यावरून दुसऱ्याकडे वळवावी. धार चालू असताना नजर पेल्याकडे न ठेवता बाटलीच्या खांद्याकडे ठेवावी आणि मागे दिवा किंवा खिडकी असू द्यावी. बाटली जवळजवळ रिकामी होत आली की तळाच्या कोपऱ्यातून एक फिकट, दुधाळ रेघ निघते आणि बाटलीच्या अंगावरून खांद्याकडे सरकू लागते. ती रेघ मानेपर्यंत पोचण्याआधी हात थांबवावा. तळाशी बोटभर बिअर उरते, ती टाकून द्यावी आणि बाटली लगेच गरम पाण्याने धुवावी, कारण वाळलेला साका काचेला असा चिकटतो की नंतर ब्रशनेही निघत नाही. इतके केले तर पेल्यातील बिअर दुकानातल्या बिअरइतकी स्वच्छ दिसते.

सगळ्यांनाच ती स्वच्छ हवी असते असेही नाही. बर्टनची जुनी वर्दिंग्टन व्हाइट शील्ड पिणाऱ्यांत साका बाटलीत ठेवणारे आणि मुद्दाम पेल्यात घेणारे असे दोन पक्ष पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. ऑस्ट्रेलियात ॲडलेड येथील कूपर्स या १८६२ पासूनच्या कारखान्याची बिअर उघडण्याआधी बाटली आडवी धरून हलकेच फिरवतात, म्हणजे साका सगळीकडे सारखा मिसळतो. बव्हेरियात गव्हाच्या बिअरचा शेवटचा घोट बाटलीत घोळवून पेल्यावर ओततात. बाटलीत जिवंत यीस्ट असलेल्या बिअरला ब्रिटनमधील कॅमरा ही १९७१ मध्ये स्थापन झालेली ग्राहक चळवळ अस्सल एल मानते. मला स्वतःला एलमध्ये साका आवडत नाही, त्याने हॉप्सची चव दबते. पण तो पिणाऱ्याला मी अडाणी म्हणणार नाही. ज्यांना सवय नाही त्यांना जास्त घेतल्यास पोटात वायू होतो किंवा पोट सैल होते, एवढी सूचना पुरेशी आहे.

या साक्याचा आणि मुंबईचा एक संबंध आहे, तो आपल्या वाचकांना सांगितल्यावाचून राहवत नाही. बर्टनच्या कारखान्यांत बिअर झाल्यावर यीस्ट ढिगांनी उरत असे. त्यापासून १९०२ मध्ये तेथे मार्माइट हा काळा, खारट, घट्ट पदार्थ तयार होऊ लागला. १९२८ च्या सुमारास ल्युसी विल्स या इंग्लिश डॉक्टर मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत राहून त्यांनी गरोदर स्त्रियांना होणाऱ्या एका गंभीर पांडुरोगाचा अभ्यास केला. या रुग्णांत कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायका मोठ्या संख्येने होत्या. त्यांचा आजार मार्माइटने बरा होतो हे विल्स यांनी दाखवून दिले आणि १९३१ मध्ये ते प्रसिद्ध केले. यीस्टमधील तो उपयुक्त घटक पुढे फॉलेट (ब गटातील एक जीवनसत्त्व) म्हणून ओळखला गेला आणि आज जगभर गरोदर स्त्रियांना त्याच्या गोळ्या दिल्या जातात. म्हणजे आपल्या पुरवणीने ज्याला घाण ठरवले, त्याच्याच अर्काने परळ-लालबागच्या परिसरातील बायकांचे प्राण वाचले आहेत. यावरून बाटलीतला गाळ औषध म्हणून प्यावा, असा अर्थ कोणी काढू नये. गरोदरपणात मद्य पूर्ण वर्ज्य आहे आणि विल्स यांनी वापरला तो यीस्टचा अर्क होता, बिअर नव्हे.

बिअर खरोखर बिघडली आहे हे कशावरून ओळखावे, हे लेखात यायला हवे होते, कारण तो धोका काल्पनिक नाही. फक्त त्याची खूण तळाशी सापडत नाही, ती बाटलीच्या मानेशी सापडते. बिअरच्या पृष्ठभागावर काचेला चिकटलेले पांढरे कडे दिसणे, वर पातळ साय किंवा सुरकुतलेला पापुद्रा धरणे, बिअर ओतताना तार सुटणे, व्हिनेगरसारखा आंबट वास येणे, किंवा एकाच खेपेच्या बाटल्या आठवड्या-आठवड्याला अधिकाधिक उसळू लागणे, ही बाहेरचे जंतू शिरल्याची लक्षणे आहेत. हॉप्स, अल्कोहोल आणि आम्लता यांमुळे रोगजंतू बिअरमध्ये सहसा टिकत नाहीत, त्यामुळे अशी बिअर बहुधा माणसाला आजारी पाडत नाही, पण ती पिण्याजोगी राहत नाही. थंड केल्यावर धुरकट दिसणारी आणि खोलीच्या तापमानाला आली की पुन्हा स्वच्छ होणारी बिअर मात्र बिघडलेली नसते. प्रथिने आणि हॉप्स व माल्टमधील द्रव्ये थंडीत तात्पुरती एकत्र येतात, त्यामुळे तसे होते. साका कित्येक महिने उष्ण जागी पडून राहिला तर मेलेल्या पेशी फुटतात आणि बिअरला मांसाच्या रश्श्यासारखा जड वास येतो. महाराष्ट्रासारखे हवामान असलेल्या प्रदेशांत राहणाऱ्यांनी म्हणूनच बाटल्या वायू तयार होताच थंडीत हलवाव्यात.

यीस्ट कमी घातल्यामुळे किण्वन अर्ध्यावर राहण्याविषयी मी वर लिहिले, ते आता पुरे करतो. साखर शिल्लक असताना बाटली भरली, तर यीस्ट बंद बाटलीत ती हळूहळू खात राहते आणि दाब वाढत जातो. एका मर्यादेनंतर काच फुटते, आणि ती साधी तडकत नाही, तिचे तुकडे खोलीभर उडतात. डोळा जाण्याइतकी इजा त्याने होऊ शकते. म्हणून हायड्रोमीटरने घनता मोजून, दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन मापांत फरक नसेल तरच बाटल्या भराव्यात. पहिल्या काही खेपांत एखादी प्लास्टिकची सोडा-बाटली बाकीच्यांसोबत भरून ठेवावी. ती दाबून पाहिली की इतर बाटल्यांतल्या दाबाचा अंदाज येतो. पातळ काचेच्या, पिळून उघडायच्या झाकणाच्या किंवा सरबताच्या बाटल्या या कामाला वापरू नयेत. गाळ कमी करण्यासाठी यीस्ट निम्मे करा असे सांगणारा लेख वाचकाला नकळत याच धोक्याकडे नेतो, आणि माझी मुख्य हरकत त्याला आहे.

गाळ मुळीच नको असेल तर दोन मार्ग उरतात. एक म्हणजे बिअर स्टेनलेस स्टीलच्या पिंपात ठेवून तिच्यात बाहेरून वायू भरणे आणि मग दाबाखालीच बाटलीत उतरवणे. त्याला खर्च येतो आणि उपकरणे लागतात. दुसरा शॅम्पेनवाल्यांचा. ते बाटली रोज थोडी फिरवत हळूहळू उलटी करतात, साका बुचाशी आला की मान गोठवतात आणि बूच काढून तो बर्फाच्या खड्यासह बाहेर उडवतात. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे १९८० च्या दशकात फसफसणारी वाइन याच परंपरेने तयार होऊ लागली होती. बिअरसाठी घरी एवढा खटाटोप करणे मला तरी वाजवी वाटत नाही.

कायद्याविषयीही एक वाक्य लेखात हवे होते. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना १९६३ मध्ये रद्द झाला. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने संघराज्य पातळीवर परवानगी मिळाली, तरी अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांत ती २०१३ पर्यंत नव्हती. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा त्याखाली गुन्हा आहे, मग ते स्वतःच्या घरी आणि स्वतःपुरते का असेना. परदेशातील नातेवाइकांचा छंद वाचून कोणी महाराष्ट्रात भांडे मांडू नये म्हणून हे स्पष्ट करणे आवश्यक होते.

आपण शक्य तितक्या लवकर, निदान मलमलीच्या फडक्याबाबतचा आणि यीस्ट निम्मे करण्याबाबतचा मजकूर मागे घेतल्याचे पुरवणीत छापावे, अशी विनंती आहे. ब्रिटन व अमेरिकेत थंडी सुरू होताच घरोघरी भांडी बाहेर निघतात आणि आपले वृत्तपत्र संगणकावर वाचणारी अनेक मराठी कुटुंबे त्यांत असतात. पुढच्या लेखासाठी ओतण्याच्या पद्धतीची छायाचित्रे हवी असल्यास ती काढून पाठवण्याची माझी तयारी आहे.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
डर्बी, इंग्लंड